पोर्टमध्ये मातीपाण्याचे जंतू: नव्याने जबाबदारी घेणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी आणि रुग्णाच्या घरच्यांसाठी

केमोपोर्ट बसवला जातो नागपूर, सेवाग्राम, सावंगी किंवा अमरावतीला. पण त्याचे बहुतेक दिवस जातात घाटंजी, धारणी, सिरोंचा, रिसोड अशा गावांत. पोर्ट बसवणारा सर्जन दीडशे किलोमीटरवर, आणि ताप येतो रात्री अकराला. अशा वेळी समोर असते ती ग्रामीण रुग्णालयातली नवी सिस्टर, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) किंवा घरातलं कुणीतरी. हा लेख त्यांच्यासाठी आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरच घेतील. तो निर्णय बरोबर घेता यावा म्हणून आधी जे करायचं असतं, आणि जे अजिबात करायचं नसतं, ते इथे दिलं आहे.

वस्तू आधी ओळखून घ्या

पोर्ट म्हणजे शिरेतून औषधं देण्यासाठी हसळीच्या हाडाखाली कातडीच्या आत शिवलेली छोटी डबी. डबी टायटॅनियमची किंवा कडक प्लास्टिकची असते आणि तिच्या वरच्या बाजूला सिलिकॉनचा जाड पडदा असतो. डबीतून निघालेली बारीक नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी जाऊन थांबते. पडद्यात फक्त ह्युबर सुई टोचायची. तिचं टोक वाकडं असल्यामुळे सिलिकॉनचा तुकडा न पाडता ती आत जाते. साधी इंजेक्शनची सुई पडद्याला भोक पाडते. मग औषध गळतं आणि जंतूंना कायमचं दार मिळतं. "ह्युबर संपली, साधीच टोचतो" असं कुणी म्हटलं तर त्या दिवशी पोर्ट वापरूच नका, हाताची शीर शोधा.

पोर्ट फक्त कॅन्सरच्या रुग्णालाच असतो असंही नाही. वारंवार रक्त द्यावं लागणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णालाही कधी तो बसवतात, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे असा रुग्ण समोर येऊ शकतो. सिकलसेलमध्ये बऱ्याचदा प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे त्याच्या तापाला आणखी कमी सवलत. दंडातली पिक लाइन (दंडाच्या शिरेतून आत नेलेली लांब नळी) आणि डायलिसिसचा कॅथेटर या वेगळ्या वस्तू आहेत. पण खाली जंतूंबद्दल जे आहे ते त्यांनाही लागू पडतं.

नळीत जंतू टिकतो कसा

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. ठिबकच्या नळीत आतून बुळबुळीत थर धरतो. नुसतं पाणी जोरात सोडून तो जात नाही, म्हणून आम्ल किंवा क्लोरीन सोडावं लागतं. पोर्टच्या डबीत आणि नळीतही जंतू असाच थर करून बसतात. रक्तातून येणारं अँटिबायोटिक वरवरच्या जंतूंना मारतं, थराखालचे जिवंत राहतात. औषध चालू असेपर्यंत ताप उतरतो, बंद केलं की आठवड्याभरात परत चढतो. शिरेत आम्ल सोडता येत नाही. म्हणूनच काही जंतूंच्या बाबतीत नळी काढणं हाच उपचार ठरतो.

पोर्टला होणारा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा ओळखीच्याच जंतूंचा असतो: कातडीवरचा स्टॅफिलोकोकस, आतड्यातले क्लेब्सिएला आणि ई. कोलाय, कँडिडा ही बुरशी. दुर्मिळ जंतू बहुधा माणसाच्या अंगावरचे नसतात. ते पाण्यातून, मातीतून, झाडपाल्यातून आलेले असतात. निरोगी माणसाला ते सहसा काही करत नाहीत. पण प्लास्टिकची नळी आणि उतरलेल्या पांढऱ्या पेशी, एवढं त्यांना पुरतं. नावं लांबलचक आहेत; पाठ करण्यापेक्षा कोण कुठून येतो ते लक्षात ठेवा.

पाण्यातले: स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया, बर्खोल्डेरिया सेपेशिया, राल्स्टोनिया, अ‍ॅक्रोमोबॅक्टर, स्फिंगोमोनास, एलिझाबेथकिंगिया. नळाच्या तोटीत, बेसिनच्या जाळीत, ओल्या फरशीवर हे राहतात. बर्खोल्डेरिया आणि राल्स्टोनिया तर डिस्टिल्ड वॉटर आणि सलाईनमध्येही वाढतात. पाण्यातलाच मिथायलोबॅक्टेरियम क्लोरीनला दाद देत नाही आणि प्रयोगशाळेच्या प्लेटवर गुलाबी ठिपके उमटवतो. रोझिओमोनासही तसाच गुलाबी.

माती आणि झाडावरचे: पॅन्टोइया अ‍ॅग्लोमेरन्स कापसाच्या झाडावर आणि सरकी न काढलेल्या कापसात नेहमी सापडतो. अमेरिकेत १९७०-७१ साली सलाईनच्या बाटल्यांच्या झाकणांतून पसरलेल्या मोठ्या साथीतही तो होता. तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. ऱ्हायझोबियम रेडिओबॅक्टर झाडाच्या बुडाशी गाठी आणतो, आणि माणसाच्या रक्तात सापडतो तेव्हा बहुतेकदा त्या माणसाला अशीच नळी बसवलेली असते. सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं ऱ्हायझोबियम कल्चर वेगळं, नावावरून घोटाळा करू नका. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स मात्र तोच, जो मर रोगासाठी पावडरच्या पुड्यांत कृषी केंद्रावर विकला जातो. अमेरिकेत २००४ ते २००६ या काळात दूषित हेपारिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) फ्लशमधून, म्हणजे नळी धुवायला ढकललेल्या द्रवातून, तो पोर्टच्या रुग्णांमध्ये गेला. तिथे जंतू हेपारिनमधून आला होता, शेतातून नाही. त्यातला शिकण्यासारखा भाग वेगळाच: काही रुग्णांना शेवटच्या दूषित फ्लशनंतर तीन महिन्यांनी ताप आला, काहींना वर्ष उलटून गेल्यावर. तोवर जंतू डबीत गप्प बसून होता. म्हणून तापाचा इतिहास विचारताना "गेल्या आठवड्यात काय झालं" एवढ्यावर थांबू नका; मागचे सगळे फ्लश कुठे झाले तेही विचारा.

बीजाणूवाले: बॅसिलस सिरियस. बीटी कपाशीतला जनुक ज्या बॅसिलसकडून आला त्याचा हा अगदी जवळचा भाऊ. याचे बीजाणू, म्हणजे जंतूचं टणक कवचातलं झोपलेलं रूप, स्पिरिटने मरत नाहीत. धुळीत, चादरीत, स्पिरिटच्या बोळ्यातही ते टिकून राहतात. साबणपाण्याने हात धुतले तर ते वाहून जातात. नुसता सॅनिटायझर चोळला तर तळहातावरच राहतात.

आणि क्षयरोगाचे चुलतभाऊ: मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी, अ‍ॅबसेसस, म्युकोजेनिकम. हेही पाण्यातलेच. यांच्यावरून होणारी चूक एवढी मोठी आहे की तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

आपल्याकडे हे शिरतात कुठून

दोष वावराला देणं सोपं जातं. पण बहुतेक वेळा वाट ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरूनच जाते.

पहिली वाट म्हणजे सलाईनची शंभर किंवा पाचशे मिलीची बाटली. सकाळी तिच्यात सुई खोचून ठेवायची आणि दिवसभर त्यातूनच सगळ्यांचे फ्लश भरायचे. खोचलेल्या सुईतून हवा, धूळ, हाताचं पाणी आत जातं. सकाळी गेलेला एखादा राल्स्टोनिया संध्याकाळपर्यंत घरटं करतो, आणि सलाईन दिसायला तसंच स्वच्छ राहतं. पोर्टसाठी सलाईन फक्त दहा मिलीच्या अँप्युलमधून घ्या. एक रुग्ण, एक अँप्युल. उरलं तर फेकून द्या.

दुसरी, हेपारिनची व्हायल. ती पाच मिलीची असते, पाच-सहा रुग्णांना वापरली जाते, आणि पुन्हा सुई घालताना रबर पुसलेलं असतंच असं नाही. जमेल तिथे एका रुग्णाला एक व्हायल द्या. जमत नसेल तर उघडल्याची तारीख-वेळ लिहा, दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज घ्या, आणि पातळ केलेलं हेपारिन उद्यासाठी कधीच ठेवू नका.

तिसरी, हवेची सुई. प्लास्टिकची बाटली आपोआप चेपते, तिला हवा लागत नाही. तरी सवयीने वर सुई टोचली जाते आणि वॉर्डातली हवा थेट द्रवात जाते. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये क्लेब्सिएला, एंटरोबॅक्टर, सेराशिया आनंदाने वाढतात.

चौथी, सॅव्हलॉनचं पाणी. पातळ केलेलं अँटिसेप्टिक बाटलीत उरतं, त्यावरच नवं ओतलं जातं. बर्खोल्डेरिया अशा पातळ अँटिसेप्टिकमध्ये जगतो, म्हणजे ज्याने कातडी साफ करायची त्यातूनच जंतू लावला जातो. बाटली रिकामी करा, धुवा, वाळवा, मग नवं भरा. पोर्टच्या कातडीसाठी तर हे वापरूच नका.

पाचवी, स्टीलच्या डब्यातले स्पिरिटचे बोळे. झाकण उघडं राहिलं की मे महिन्यातल्या चंद्रपुरात दुपारपर्यंत स्पिरिट उडून जातं आणि मागे ओला कापूस तेवढा उरतो. बंद पाकिटातले स्वॅब महाग पडतात हे खरं. पोर्टपुरते तरी वेगळे काढून ठेवा.

फ्लश कसा करायचा

पोर्ट वापरात नसेल तर साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी फ्लश करतात. काही केंद्रं आता तीन महिन्यांपर्यंत थांबतात. रुग्णाच्या कार्डावर जे लिहिलं असेल ते पाळा. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत फ्लश चुकतात. चुकलेल्या फ्लशने नळीच्या टोकाशी रक्ताची गुठळी धरते, आणि गुठळी म्हणजे जंतूंसाठी तयार अंथरूण. सुई टोचायचं प्रशिक्षण नसेल तर पुढचं वाचा, पण करून पाहू नका.

१. खिडकी बंद, पंखा बंद. रुग्णाला आणि स्वतःला मास्क, रुग्णाचं तोंड दुसऱ्या बाजूला. हात साबणाने धुवा. बेसिनच्या शेजारी ट्रे मांडू नका. शिंतोडे तीन फुटांपर्यंत सहज उडतात.

२. पोर्टवरची कातडी बघा, बोटांनी चाचपा. लाली, गरमपणा, दुखणं, पाणी किंवा पू दिसला तर सुई टोचायची नाही. डॉक्टरांना फोन करा. लालीतून टोचलेली सुई खिशातला पू थेट रक्तात नेते.

३. निर्जंतुक हातमोजे घाला. ७० टक्के अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन घेऊन पुढेमागे घासत ३० सेकंद कातडी साफ करा, मग पूर्ण सुकू द्या. फुंकर मारायची नाही, गॉजने पुसायचं नाही. सुकतानाच औषध काम करतं.

४. ह्युबर सुई आधी सलाईनने भरून घ्या. प्रौढांना साधारण २० किंवा २२ गेजची, पाऊण किंवा एक इंच लांबीची लागते; जाडजूड अंगाच्या रुग्णाला एक इंचाची. डाव्या हाताच्या तीन बोटांत डबी घट्ट धरा, सुई सरळ खाली घाला, तळाला टेकल्याचं हाताला कळतं.

५. हळूच मागे ओढा. रक्त यायला हवं. नाही आलं तर रुग्णाला हात वर करायला, खोकायला, कूस बदलायला सांगा. तरीही नाही आलं तर जोर लावू नका, औषध तर मुळीच देऊ नका.

६. दहा मिली सलाईन थांबत-थांबत ढकला: एक मिली, क्षणभर थांबा, पुन्हा एक मिली. या धक्क्यांनी नळीची भिंत धुतली जाते. रक्त दिलं किंवा काढलं असेल तर वीस मिली. सिरिंज दहा मिलीची किंवा मोठीच हवी. दोन मिलीच्या बारीक सिरिंजमध्ये दाब इतका वाढतो की नळी फाटू शकते.

७. कार्डावर हेपारिन लिहिलं असेल तर प्रौढांसाठी सामान्यतः मिलीला १०० युनिटचं पाच मिली. आपल्या बाजारातल्या व्हायल मिलीला १००० किंवा ५००० युनिटच्या असतात, आणि लेबलं सारखीच दिसतात. हजाराची असेल तर एक मिली हेपारिन आणि नऊ मिली सलाईन. पाच हजाराची असेल तर ०.२ मिली हेपारिन आणि ९.८ मिली सलाईन. दुसऱ्या माणसाकडून लेबल मोठ्याने वाचून घ्या. लहान मुलाचं प्रमाण वेगळं असतं, फोन करूनच.

८. शेवटचा अर्धा मिली ढकलत असतानाच क्लॅम्प लावा, मग सुई काढा. आधी सिरिंज सोडली तर नळीच्या टोकात रक्त मागे ओढलं जातं.

सुई आत ठेवून औषध चालवायचं असेल तर पारदर्शक ड्रेसिंग आणि सुई सात दिवसांनी बदलायची. गॉजचं ड्रेसिंग दोन दिवसांनी. ड्रेसिंग सुटलं, ओलं झालं किंवा घामाने उचललं गेलं तर दिवस मोजत बसू नका, लगेच बदला. जोडणीच्या टोकाला सिरिंज लावण्यापूर्वी दर वेळी अल्कोहोलने किमान १५ सेकंद घासा. हे पंधरा सेकंद सगळ्यात जास्त चुकतात, कारण मध्येच कुणीतरी हाक मारतं.

घरच्यांसाठी

आतड्याच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना ४६ तासांचा औषधाचा फुगा लावून सुईसकट घरी सोडतात. मग रुग्ण एसटीने गावी येतो. या दोन दिवसांत ड्रेसिंगला पाणी लागू द्यायचं नाही, अंग ओल्या कापडाने पुसायचं. फुगा गळ्यात पिशवीत ठेवा, अंगाखाली येणार नाही असा. शेण, सारवण, चारा, कडबा, फवारणीचा पंप यांपासून दूर. ड्रेसिंगची कड सुटली तर साधी चिकटपट्टी लावून झाकपाक करू नका; जवळच्या दवाखान्यात जा.

सुई नसताना आणि जखम पूर्ण भरलेली असताना आंघोळ नेहमीसारखी करा. जखम भरायला दहा-पंधरा दिवस लागतात. तोवर त्यावर हळद, राख, पाल्याचा रस काही लावायचं नाही. हळदीला आमचा विरोध नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. विहिरीत, तलावात, वैनगंगेत डुबकी मारायची इच्छा झाली तर पांढऱ्या पेशी उतरलेल्या काळात नकोच.

थर्मामीटर घरात ठेवा. "अंग गरम लागते" हे फोनवर सांगून उपयोग होत नाही. काखेतलं माप थोडं कमी येतं, म्हणून शक्यतो तोंडातलं घ्या. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही.

ताप आला तर

तोंडातलं माप एकदाच १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, नाहीतर १००.४ तासभर टिकून असलं, तर हा धोक्याचा ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या काळात लाली किंवा पू दिसणारही नाही, कारण पू करायलाच पेशी नसतात. पोर्ट "बाहेरून छान" दिसला म्हणून तो निर्दोष ठरत नाही.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: फ्लश किंवा सलाईन सुरू केल्यावर पंधरा मिनिटं ते तासाभरात हुडहुडी भरून ताप. नळीतले जंतू आपण स्वतःच रक्तात ढकलले असा त्याचा अर्थ होऊ शकतो. अशा वेळी पोर्टमधून काहीही ढकलणं थांबवा, हाताच्या शिरेत व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची प्लास्टिकची छोटी नळी) घाला, आणि चालू असलेली बाटली व सेट फेकू नका. दोन्ही टोकं बंद करून, पिशवीत घालून, वेळ लिहून बाजूला ठेवा. प्रयोगशाळेला ते लागतील.

पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही, पण आधी ताप मोजून लिहून घ्या. औषध दुकानातून अझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्झिम घेऊन "दोन दिवस पाहू" हे मात्र करू नका. दुर्मिळ जंतूला त्याने फारसं काही होत नाही. पुढचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी) तेवढं रिकामं येतं.

पेशी उतरलेल्या रुग्णाला तापानंतर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळायला हवा. मोठं रुग्णालय तासापेक्षा लांब असेल तर कॅन्सर केंद्राला फोन करून तिथल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून पहिला डोस ग्रामीण रुग्णालयातच द्या, आणि १०८ बोलवा. त्याआधी दहा मिनिटांत कल्चरचं रक्त काढता आलं तर उत्तम. बाटल्या नसतील तर त्यांच्यासाठी डोस रोखू नका. पोर्टचा एखादा रुग्ण जरी हद्दीत असला तरी कपाटात कल्चर बाटल्यांच्या दोन जोड्या असाव्यात, मुदत तपासून.

कल्चर: दोन जागा, सारखं रक्त

एकाच जागेचं कल्चर हा पोर्टच्या तपासणीतला सगळ्यात मोठा अपव्यय. रक्त पोर्टमधून आणि हाताच्या शिरेतून असं दोन्हीकडून, दहा मिनिटांच्या आत काढा. पोर्टला जुनं कनेक्टर (सिरिंज लावायचं जोडणीचं टोक) असेल तर आधी नवं लावा, नाहीतर कनेक्टरमधले जंतू मोजले जातील. बाटलीचं वरचं झाकण काढलं तरी खालचं रबर निर्जंतुक नसतं; ते अल्कोहोलने पुसून सुकू द्या.

प्रौढांच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिली रक्त घाला. बाटलीवरच्या खुणेने मोजा. तीन मिली घालून पाठवलेली बाटली बहुतेक वेळा "वाढ नाही" असंच सांगते. मुलांसाठी वजनाप्रमाणे, मुलांची बाटली वेगळी. दोन्हीकडचं प्रमाण सारखंच हवं, कारण पुढे वेळेची तुलना होते: यंत्रात पोर्टची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह झाली तर जंतूंचं घर नळीतच आहे असं मानतात.

लेबलवर "पोर्ट" आणि "उजवा हात" असं स्पष्ट, शिवाय वेळ. नुसतं "ए" आणि "बी" लिहिलेल्या बाटल्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत अनाथ होतात.

कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, बर्फावरही नाही. गाडीच्या डॅशबोर्डवरही नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बंद गाडीत जंतू मरूही शकतात किंवा वाटेतच वाढून बसतात, आणि दोन तासांच्या फरकाचं गणित पुसलं जातं. बर्फ न घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात, सावलीत, शक्यतो चार तासांच्या आत.

पाठवताना चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहा: पोर्ट आहे, केमो कधी झाली, आधी कोणतं अँटिबायोटिक दिलं. गाय-म्हैस गाभडल्याचा, वार हाताने काढल्याचा किंवा कच्चं दूध प्यायल्याचा इतिहास असेल तर तेही. ओक्रोबॅक्ट्रम नावाचा पाण्या-मातीतला जंतू आणि जनावरांकडून येणारा ब्रुसेला यांच्यात यंत्राची गल्लत होते. ब्रुसेला उघड्यावर हाताळला तर प्रयोगशाळेतल्या माणसालाच लागण होते.

अहवाल हातात आल्यावर

"बॅसिलस प्रजाती, बहुधा दूषितीकरण." "डिप्थेरॉइड्स." "मायक्रोकोकस." असे, म्हणजे जंतू कातडीवरचा किंवा धुळीतला असावा अशा अर्थाचे, शेरे येतात आणि कागद फाइलला लागतो. एका बाटलीत एकदाच आलेला बॅसिलस खरंच कातडीवरचा किंवा धुळीतला असू शकतो. पण तोच जंतू दोन वेगळ्या जागांच्या बाटल्यांत आला, किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तर तो खरा धरायचा. एकच बाटली असेल तर हा प्रश्न सुटतच नाही. दोन जागांचा आग्रह त्यासाठीच.

दुर्मिळ जंतूचं नाव कळणं का महत्त्वाचं, तर नेहमीचं भारी औषध त्याच्यावर चालेलच असं नसतं. मेरोपेनेम चालू आहे आणि ताप हटत नाही, तेव्हा स्टेनोट्रोफोमोनास आठवावा; तो त्या औषधाला जन्मतः दाद देत नाही. त्याच्यासाठी साधं, स्वस्त कोट्रायमोक्साझोल किंवा लिव्होफ्लॉक्सासिन, मिनोसायक्लिन विचारात घेतात. बर्खोल्डेरियावर कोलिस्टिन चालत नाही. एलिझाबेथकिंगियावर कोलिस्टिनही नाही, मेरोपेनेमही नाही. ल्युकोनोस्टॉक आणि बरेचसे लॅक्टोबॅसिलस व्हँकोमायसिनला जुमानत नाहीत, पण पेनिसिलिनच्या जातीचं औषध सहसा लागू पडतं. बॅसिलस सिरियसचं नेमकं उलट: पेनिसिलिन, सेफालोस्पोरिन फुकट, व्हँकोमायसिन चालतं. ही यादी औषध लिहिण्यासाठी नाही. अहवाल आला की त्यावरचं नाव आणि चालू औषध शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे.

आता ते चुलतभाऊ. पोर्टच्या खिशातून पाणी येतं, महिनाभर बरं होत नाही, साध्या कल्चरमध्ये काही नाही. कुणीतरी झेडएन डाग (क्षयाच्या जंतूसाठीची रंगाची तपासणी) करतं आणि लाल कांड्या दिसतात. लगेच क्षयरोगाच्या गोळ्या सुरू. लाल कांड्या दिसल्या म्हणजे तो क्षयाचाच जंतू असं ठरत नाही. फॉर्च्युइटम आणि अ‍ॅबसेसस गटातल्या जंतूंवर क्षयाची नेहमीची औषधं काम करत नाहीत. हे वेगाने वाढतात, प्लेटवर सहसा सात दिवसांच्या आत. क्षयाच्या जंतूला आठवडे लागतात. म्हणजे प्रयोगशाळेतला वाढीचा वेळच इशारा देतो. गोळ्या सुरू करण्यापूर्वी पू मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरला पाठवा आणि जात ओळखून मागा. ग्रॅम डागात हेच जंतू "डिप्थेरॉइड्स" म्हणूनही निसटतात.

ठेवायचा की काढायचा

पोर्ट महाग, बसवायला परत नागपूर. म्हणून "औषधाने वाचवून पाहू" हा मोह समजण्यासारखा आहे. कातडीवरच्या सौम्य स्टॅफिलोकोकसच्या बाबतीत तसा प्रयत्न होतोही: शिरेतून औषध आणि नळीत औषधाचं कुलूप (नळीत अँटिबायोटिक भरून ठेवणं), साधारण दहा ते चौदा दिवस. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्यूडोमोनास, कँडिडा, मायकोबॅक्टेरिया, खिशात पू, रक्तदाब कोसळलेला, किंवा योग्य औषध देऊनही ७२ तासांनंतर कल्चर पॉझिटिव्ह, या सगळ्यांत पोर्ट काढतात. बीजाणूवाला बॅसिलस पक्का ठरला तर तोही याच रांगेत. पाण्यातल्या बहुतेक जंतूंबद्दल आमचं मतही काढण्याकडेच झुकतं. ठेवलेल्या पोर्टमधून ताप पुन्हा येण्याची भीती मोठी. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्या, म्हणजे खर्चाच्या काळजीने दोन दिवस वाया जात नाहीत.

काढलेला पोर्ट फॉर्मॅलिनमध्ये टाकला की सगळं संपलं. फॉर्मॅलिन जंतूंनाही मारतं. कोरड्या निर्जंतुक डब्यात अख्खा पोर्ट नळीसकट पाठवायचा आणि चिठ्ठीवर "डबीच्या आतला गाळ कल्चर करा" असं लिहायचं. नुसतं नळीचं टोक पाठवलं तर डबीत बसलेला जंतू सुटून जातो. शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

नवा पोर्ट लगेच बसवत नाहीत. आधी रक्ताचं कल्चर स्वच्छ यावं लागतं. तोवर हाताच्या शिरेवर काम चालवायचं आणि पिक लाइनची घाई करायची नाही.

शेवटी वहीबद्दल. दर फ्लशला पाच गोष्टी लिहा: तारीख, रुग्ण, सलाईनचा बॅच नंबर, हेपारिनचा बॅच नंबर, कुणी केला. महिन्या-दोन महिन्यांत दोन रुग्णांना एकच विचित्र नावाचा जंतू निघाला, तर तो योगायोग समजायचा नाही. दोघांना जोडणारी एखादी बाटली, व्हायल किंवा अँटिसेप्टिक असतं. त्या बॅचचं उरलेलं सगळं वापरातून काढून सीलबंद ठेवा. जिल्हा रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीला आणि अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाला लेखी कळवा. आणि त्या वहीत नावं असलेल्या, अजून ताप न आलेल्या बाकीच्या रुग्णांनाही फोन करा. डबीत गप्प बसलेला जंतू काही महिन्यांनी उठू शकतो, आणि तेव्हा हुडहुडी भरली तर काय करायचं हे त्यांना आजच माहीत असायला हवं.